नाटक रविवारी, आपली सुट्टी गुरुवारी

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. पेपरात ही बातमी बसत नाही, कारण यात ना कुणाचं उद्घाटन आहे ना कुणावर आरोप. म्हणून इथे लिहितोय.

मागच्या गुरुवारी संध्याकाळी सातच्या सुमारास शहरातल्या एका नाट्यगृहासमोर थांबलो होतो. फाटक बंद, आत अंधार. वॉचमन खुर्चीवर बसून मोबाईल बघत होता. समोरच्या चहाच्या टपरीवर मात्र पंधरा-वीस पोरं. कोण भोसरी एमआयडीसीतलं, कोण चाकणचं. सगळे पंचविशीच्या आतबाहेर. त्यातले चौघे एका मोबाईलवर 'हास्यजत्रा'चं एक स्किट बघत होते आणि अक्षरशः पोट धरून हसत होते. मी सहज विचारलं, "समोर नाट्यगृह आहे, कधी आत गेलाय का?" त्यातला एकजण, लातूरकडचा, म्हणाला, "जायचंय की दादा. पण नाटक असतंय रविवारी. रविवारी आमची फर्स्ट शिफ्ट."

मी गप्प झालो. वीसेक वर्षं या शहरात पत्रकारिता करतोय. नाट्यगृहांच्या दुरुस्तीच्या, भाड्याच्या, एसी बंद पडल्याच्या, स्वच्छतागृहांच्या किती बातम्या लिहिल्या त्याची गणती नाही. पण ही एक साधी गोष्ट माझ्या डोक्यात कधी आली नव्हती.

बाहेरच्यांना सांगायला हवं म्हणून सांगतो. आपल्याकडे बऱ्याच कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. पिंपरी, चिंचवड, भोसरी, चाकण, सगळीकडे. विजेचा भार एकाच दिवशी पडू नये म्हणून औद्योगिक भागांना वेगवेगळे वार वाटून दिले गेले, त्यात आपल्या वाट्याला गुरुवार आला. आता ती सवयच झालीये. आपल्याकडे गुरुवारी लग्नाची बोलणी होतात, गुरुवारी भाड्याच्या खोल्या बघायला माणसं फिरतात, गुरुवारी गावाकडून पाहुणे येतात. नवरा गुरुवारी घरी आणि पोरं रविवारी घरी, असे किती संसार या शहरात चाललेत. फक्त नाट्यगृहाच्या कॅलेंडरला गुरुवार माहीत नाही.

आता आपल्याकडे काय काय आहे ते बघू. तक्रार करण्याआधी हिशोब नीट मांडावा.

महापालिकेची पाच नाट्यगृहं आहेत. चिंचवडचं प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, भोसरीचं अंकुशराव लांडगे सभागृह, संत तुकारामनगरचं आचार्य अत्रे रंगमंदिर, पिंपळे गुरवचं नटसम्राट निळू फुले रंगमंदिर आणि निगडी प्राधिकरणातलं ग. दि. माडगूळकर नाट्यगृह, सगळ्यात नवं. १९८२ साली महापालिका झालेल्या शहरासाठी ही यादी लहान नाही. महाराष्ट्रातल्या कित्येक जिल्ह्याच्या गावांत एक धड नाट्यगृह नाही, असलं तर त्याची छपरं गळतात. त्या मानाने आपण श्रीमंत आहोत. हे मान्य करूनच पुढचं बोलतो.

नावं पण बघा. मोरे सर शिक्षणमंत्री होते, २००० साली पहिलीपासून इंग्रजी त्यांनीच आणलं. अत्रे आणि गदिमा यांच्याबद्दल मी काय सांगणार? पण निळूभाऊंचं नाव या शहरातल्या रंगमंदिराला असणं मला सगळ्यात जास्त भावतं. निळू फुले पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करायचे आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात काम करायचे. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी तालीम. म्हणजे आपल्यासारखाच माणूस. असे निळूभाऊ आज भोसरीच्या एखाद्या शॉपमध्ये सीएनसी मशीनवर उभे असतील, तर त्यांना तालमीला जागा कुठे आहे? त्यांच्या नावाचं रंगमंदिर त्यांना परवडेल का? हा माझा प्रश्न आहे.

थोडं मागे जातो. माझे वडील इथल्या एका कंपनीत टर्नर होते. कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेत त्यांचा ग्रुप उतरायचा. फर्स्ट शिफ्ट सुटली की कँटीनच्या मागच्या खोलीत तालीम. टेबलं सरकवायची, खडूने जमिनीवर दार-खिडकी काढायची. वडिलांना मोठी भूमिका कधी मिळाली नाही. हवालदार, पोस्टमन, फार तर दुसरा भाऊ. पण स्पर्धेच्या दिवशी आईने इस्त्री केलेला तो शर्ट आणि तोंडाला लावलेला रंग पुसायला विसरून घरी आलेले वडील मला आजही दिसतात. टेल्कोतल्या लोकांनी 'कलासागर' उभं केलं. मोठ्या कंपन्यांमधून गणपतीत नाटकं व्हायची, ऑर्केस्ट्रा व्हायचे, दिवाळी अंक निघायचे. ही सगळी कायम नोकरीतली माणसं होती. हातात पगाराची खात्री, कॉलनीत घर, शिफ्टचं वेळापत्रक महिनाभर आधी माहीत. कलेला असा वेळ लागतो.

तो काळ गेला. बजाजचं आकुर्डीतलं उत्पादन २००७ साली थांबलं. एचएची मोठी वसाहत आता जुन्या आठवणींवर उभी आहे. काम चाकणकडे सरकलं आणि कायम नोकरीच्या जागी कंत्राट आलं. आज सहा महिन्यांचा करार, मग दुसरी कंपनी, मग तिसरी. शिफ्ट कधी बदलेल ते सुपरवायझरला पण माहीत नसतं. कँटीनच्या मागची खोली आता स्टोअर झाली असेल. या पोरांना कंपनीतून तालमीची जागा मिळणार नाही, हे उघड आहे. मग ती कोण देणार? शहराने द्यायला नको?

करमणुकीचं काय झालं तेही बघा. आपल्या लहानपणी पिंपरीत 'अशोक' होतं, 'विशाल' होतं. 'डिलक्स'चं नाव तर चौकालाच चिकटलंय, आजच्या पोरांना ते टॉकीजचं नाव आहे हेही माहीत नाही. पडद्यासमोरच्या रांगेत बसून शिट्ट्या मारणारे आम्ही आणि बाल्कनीत कुटुंबासह आलेले साहेब, दोघे एकाच इमारतीत असायचो. आता चिंचवडला एल्प्रो कंपनीच्या जागेवर मॉल उभा आहे आणि त्यात मल्टिप्लेक्स. २०२३ मध्ये वाकडला फिनिक्सचा मॉल आला. चांगलं आहे, स्वच्छ आहे, पार्किंग आहे. मी पण पोरांना घेऊन जातो. पण चौघांचं तिकीट, पॉपकॉर्न, पार्किंग असा हिशोब करा आणि मग कंत्राटी कामगाराच्या एका दिवसाच्या पगाराशी ताडून बघा. जिथे कारखाना होता तिथे मॉल झाला आणि कारखान्यातला माणूस मॉलच्या बाहेर राहिला. म्हणून तर महापालिकेचं नाट्यगृह महत्त्वाचं. आपण सगळ्यांनी कर भरून उभी केलेली ही जागा आहे. तिथे बसायचा हक्क त्या लातूरच्या पोराचाही आहे.

आता नाटक शनिवार-रविवारीच का असतं? यात कुणाचं कारस्थान नाही, साधा धंद्याचा हिशोब आहे. नाटक कंपनी मुंबईहून निघते. नेपथ्याचा टेम्पो, कलाकारांची बस, लाइट, साउंड, बॅकस्टेजची माणसं, जेवण, मुक्काम. हा खर्च एका प्रयोगात निघत नाही. म्हणून शनिवार-रविवार जोडून पुण्यात दोन-तीन प्रयोग लावतात आणि त्यातला एक चिंचवडला टाकतात. कलाकारांना सोमवार ते शुक्रवार मालिकांचं शूटिंग असतं. म्हणजे आपल्या नाट्यगृहाचं वेळापत्रक पुण्याच्या प्रेक्षकावर आणि मुंबईच्या शूटिंगवर ठरतं. पुण्याच्या बालगंधर्वला, १९६८ पासून, शनिवार-रविवारचा प्रेक्षक आहे. तो बँकेतला, सरकारी कचेरीतला, आता आयटीतला. त्याचं कॅलेंडर आपण उचललं. आपल्या शहराचं कॅलेंडर वेगळं आहे हे कुणी बघितलंच नाही.

बरं, रविवारी तरी काय? रविवारच्या तारखांसाठी नाटक, शाळांची स्नेहसंमेलनं, समाजाचे मेळावे, सत्कार समारंभ, कंपन्यांचे कार्यक्रम, सगळे एकाच रांगेत. आणि आठवड्यातले मधले दिवस? बाहेर जाऊन बघा. बहुतेक संध्याकाळी तिथे वॉचमन आणि मांजर.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर कमेंटमध्ये शाळावाले माझ्यावर तुटून पडतील. स्नेहसंमेलनांना माझा विरोध नाही. उलट पहिलीतल्या पोराला पहिल्यांदा स्टेजवर उभं करणारं तेच. आई-वडील मोबाईल उंच धरून शूटिंग करतात ते बघून मला आनंदच होतो. माझी तक्रार एवढीच आहे की त्या पोराने वयाच्या सातव्या वर्षी स्टेज बघितलं आणि नंतर थेट चाळिसाव्या वर्षी स्वतःच्या पोराच्या स्नेहसंमेलनाला गेला, तर मधली तेहतीस वर्षं त्याला रंगमंच कुणी दिला?

२०२४ च्या जानेवारीत, ६ आणि ७ तारखेला, शंभरावं अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन आपल्या शहरात झालं. डॉ. जब्बार पटेल अध्यक्ष होते. त्याआधी २०१६ मध्ये एकोणनव्वदावं साहित्य संमेलन पिंपरीत झालं होतं. दोन्ही वेळी मी गळ्यात पास अडकवून धावत होतो. मांडव भव्य, स्वागत जंगी, कमानी इतक्या की सिग्नल दिसत नव्हते. शंभरावं संमेलन आपल्या शहराला मिळालं याचा मला अभिमान आहे आणि राहील. पण मांडव उतरल्यावर शहरात काय उरलं? दर महिन्याला नवीन नाटक करणारे चार ग्रुप उभे राहिले का? तालमीची एक तरी खोली वाढली का? माझ्या नजरेला तरी दिसली नाही. कुणाला माहीत असेल तर जरूर लिहा, मी जाऊन बघेन आणि त्यावर वेगळी पोस्ट टाकेन.

जब्बार पटेल तरुणपणी दौंडला डॉक्टरकी करायचे आणि नाटकासाठी पुण्याला यायचे. 'घाशीराम कोतवाल' १९७२ साली आलं ते अशा नोकरी-धंदा सांभाळून नाटक करणाऱ्या हौशी पोरांच्या जिवावर. संमेलनाच्या अध्यक्षांचा स्वतःचाच इतिहास हा आहे. मोठं नाटक मोठ्या नाट्यगृहात जन्माला येत नाही. ते कुठल्यातरी छोट्या, गरम, पंखा कुरकुरणाऱ्या खोलीत जन्माला येतं.

आणि आपल्याकडे नेमकी ती छोटी खोलीच नाही. पाचही नाट्यगृहं मोठी. नव्या ग्रुपने एकांकिका बसवली तर त्यांना शंभर-दीडशे खुर्च्यांची जागा पुरते. तेवढे तर त्यांचे मित्र, नातेवाईक आणि मित्रांचे मित्र असतात. पण त्यांनी मोठं नाट्यगृह घ्यायचं, त्याचं भाडं, अनामत, साउंडवाला, लाइटवाला, आणि मग शेकडो रिकाम्या खुर्च्यांसमोर नाटक करायचं. पुढच्या वेळी तो ग्रुप उभाच राहत नाही. पुण्यात शनिवार पेठेत सुदर्शन रंगमंच आहे, हिराबागेत ज्योत्स्ना भोळे सभागृह आहे, अलीकडे 'द बॉक्स' झालं. आपली नाटकवेडी पोरं तिकडे जातात. मेट्रोने ते सोपं पण केलंय, पिंपरीत बसा, सिव्हिल कोर्टला बदला, संभाजी उद्यानला उतरा, समोर बालगंधर्व. पण रात्रीचा प्रयोग सुटेपर्यंत मेट्रो बंद झालेली असते. मग रिक्षा, नाहीतर मित्राची बाइक आणि सकाळी सातची शिफ्ट. किती दिवस जमणार?

माझ्या ओळखीतला एक ग्रुप होता. सात-आठ पोरं आणि दोन मुली. एकजण कुरिअरमध्ये, दोघे कंपनीत, एक मुलगी नर्सिंग करणारी. राज्य नाट्य स्पर्धेत उतरायचं ठरवलं. तालीम एका इमारतीच्या गच्चीवर. चौथ्या दिवशी सोसायटीने आवाजाची तक्रार केली. मग मंदिराच्या सभामंडपात, तिथे भजनाची वेळ. मग बागेत, तिथे रात्री गेट बंद. शेवटी पुलाखाली. मुलींच्या घरचे म्हणाले, पुलाखाली रात्री दहाला नाही जायचं. बरोबरच आहे त्यांचं. नाटक बसलं नाही. त्यातला दिग्दर्शक पोरगा आता व्हॉट्सअॅपवर रोज सुविचार टाकतो. मला त्याचा मेसेज आला की पोटात तुटतं.

यावर उपाय नवीन नाट्यगृह बांधणं हा नाही. कृपया कुणी सहाव्या नाट्यगृहाचं भूमिपूजन काढू नका. उपाय आपल्याकडे आधीच उभा आहे: महापालिकेच्या शाळा. शंभराच्या आसपास शाळा आहेत आपल्या. संध्याकाळी सहानंतर बंद. त्यातल्या कित्येकींना हॉल आहे.

हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही. मुंबईत दादरला छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये सत्तरच्या दशकात 'आविष्कार'ने नाटकं सुरू केली. अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे आणि त्यांचे साथी. साधा शाळेचा हॉल, पण मराठी प्रायोगिक रंगभूमीला 'छबिलदास चळवळ' असं नाव त्याच शाळेवरून पडलं. नंतर 'आविष्कार' माहीमच्या महापालिका शाळेत गेली आणि तिथे वर्षानुवर्षं राहिली. महापालिकेची शाळा, मंडळी! जे मुंबईत झालं ते नेहरूनगरच्या किंवा यमुनानगरच्या शाळेत का होऊ नये?

आणि कामगारांसाठी नाटक हेही नवीन नाही. परळचं दामोदर नाट्यगृह १९२२ सालचं. गिरणगावातल्या कामगारांनी ते आपलं मानलं होतं. कोकणातून आलेला गिरणी कामगार पाळी सुटल्यावर तिथे नाटक करायचा आणि बघायचा. त्यांच्याही खोल्या दहा बाय दहाच्या होत्या, त्यांनाही पहाटे भोंगा होता. पुनर्विकासासाठी ते पाडायची वेळ आली तेव्हा कलावंतांनी विरोध केला. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हा म्हातारी माणसं रस्त्यावर उभी राहून रडली. शाहू महाराजांनी बांधलेली वास्तू होती, पण लोक रडले ते दगड-लाकडासाठी नाही. त्यांच्या तीन पिढ्या तिथे बसल्या होत्या. देव न करो, पण उद्या आपल्या पाचपैकी एखादं बंद पडलं तर शहरात कोण रडेल? बहुतेकांना बातमी वाचूनच कळेल. हीच खरी भीती आहे.

आता दुसरी बाजू. महापालिकेतले अधिकारी म्हणतील, मधल्या वारी लोक येत नाहीत, आम्ही काय करू? नाटकवाले म्हणतील, आपल्याकडच्या लोकांना तिकीट काढायची सवय नाही, पास मागतात. दोन्हींत तथ्य आहे. पासची खोड आपल्यालाच आहे आणि त्यात आम्ही पत्रकार पहिल्या रांगेत, हे कबूल करतो. इथून पुढे मी नाटकाचं तिकीट काढूनच जाणार, हे जाहीर लिहितो. पण लोक येत नाहीत हे ठरवण्याआधी त्यांना त्यांच्या सुट्टीच्या दिवशी एकदा बोलवून तर बघा. २०११ च्या जनगणनेत आपल्या शहराची लोकसंख्या १७ लाख २७ हजार होती, आता त्याहून कितीतरी जास्त. जुनाच आकडा धरा आणि हजारात एक माणूस धरा. सतराशे होतात. मोठं नाट्यगृह भरून माणसं बाहेर उभी राहतील.

आणि फक्त मुंबईचंच नाटक कशाला? खानदेशातली माणसं कानबाई बसवतात, मराठवाड्यातली भारूड म्हणतात, जुन्नर-खेडकडची माणसं नारायणगावच्या तमाशाच्या फडांची नावं तोंडपाठ सांगतात, देहू-आळंदी तर हाकेच्या अंतरावर. उत्तरेकडून आलेल्या मुलांची स्वतःची गाणी आहेत. हे सगळं या शहरात आहे, फक्त ते नाट्यगृहाच्या फाटकाच्या बाहेर आहे.

म्हणून माझ्या चार मागण्या. कागदावर लिहून देणार आहे, तुमच्या सह्या हव्यात.

एक. भोसरीच्या लांडगे सभागृहात दर गुरुवारची संध्याकाळ नाटक, लोककला आणि संगीतासाठी राखून ठेवा. भाड्यात सवलत द्या, तिकीट कामगाराला परवडेल असं ठेवा. एमआयडीसीला सगळ्यात जवळचं तेच आहे. सहा महिने करून बघा. नाही जमलं तर मी स्वतः इथे लिहीन की माझं चुकलं.

दोन. प्रत्येक भागातली एकेक महापालिका शाळा संध्याकाळी सात ते दहा तालमीसाठी उघडा. नाममात्र शुल्क, ओळखपत्र, नोंदवही आणि एक शिपाई. त्यातल्या दोन हॉलमध्ये साधे दिवे आणि काळे पडदे लावा, शंभर खुर्च्या ठेवा. छोटं नाट्यगृह तयार.

तीन. पाचही नाट्यगृहांच्या तारखा कुणाला, कशासाठी, किती भाड्यात दिल्या याची यादी दर महिन्याला फाटकावर आणि वेबसाइटवर लावा. २०२२ नंतर काही वर्षं तर महापालिकेत नगरसेवकच नव्हते, विचारायचं कुणाला हा प्रश्न होता. यादी लागली की निम्म्या तक्रारी आपोआप मिटतील. उरलेल्या निम्म्यांना तरी पुरावा मिळेल.

चार. रात्रीचा प्रयोग असेल त्या दिवशी नाट्यगृहापासून भोसरी, निगडी आणि चाकणच्या दिशेने प्रयोग सुटल्यावर एकेक पीएमपीची बस सोडा. बाई माणूस निर्धास्त घरी पोहोचली तरच दुसऱ्यांदा येईल.

या चारही गोष्टींना मिळून एका उड्डाणपुलाच्या रंगरंगोटीइतकाही खर्च येणार नाही, असं मला वाटतं. चुकत असेन तर महापालिकेतल्या कुणीही आकडा देऊन खोडावं, मी तो आकडा इथेच छापेन.

परवा त्या टपरीवर परत गेलो होतो. तो लातूरचा पोरगा भेटला. मी म्हटलं, "गुरुवारी नाटक लावलं तर येशील?" तो म्हणाला, "येतो की. पण दादा, बघायलाच का? आम्ही गावाकडं जत्रेत सोंगं करायचो. मला करायला पण येतंय."

सह्यांसाठी येत्या गुरुवारी संध्याकाळी सहापासून त्याच टपरीवर बसणार आहे. कुठली टपरी ते इनबॉक्समध्ये विचारा. चहा माझ्याकडून.